दुधाचं निव्वळ वजन

प्रत्येक आईला तिच्या बाळापुरतं दूध असतंच.

हे वाक्य माझं नाही. पनवेलच्या ज्या प्रसूतिगृहात माझी मुलगी जन्मली, तिथल्या भिंतीवर ते गुलाबी अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याखालच्या फोटोत एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे केस नीट विंचरलेले होते, साडीला एक सुरकुती नव्हती, आणि बाळ आईकडे न बघता थेट फोटो काढणाऱ्याकडे बघत होतं. शेजारी दुसरी पाटी होती : ‘चपला बाहेर काढाव्यात.’ येणारे-जाणारे दोन्ही पाट्या वाचत. विश्वास मात्र चपलांच्या पाटीवर जास्त होता.

मी तिथे तीन दिवस होते, आणि भिंतीवर जे असेल ते वाचत राहायची मला सवय आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला ती लागतेच. त्या वाक्यावर माझा विश्वास बसला नाही, याचं कारण त्याचा रंग. इतक्या गुलाबी रंगात कुणी खरं सांगत असेल असं वाटलं नाही. ते वाक्य निदान माझ्या बाबतीत खरं होतं, हे कळायला सात वर्षं लागली. तोवर मुलगी पोळीभाजीचा डबा घेऊन शाळेत जायला लागली होती.

माझा बेत साधा होता. सहा महिने अंगावर पाजायचं. नोकरी कायम नव्हती आणि रजा तीनच महिन्यांची होती, पण घरापासून कॉलेज रिक्षाने दहा मिनिटांवर. सासूबाईंनी आपणहून सांगितलं होतं, “दुपारच्या सुट्टीला मी आनीन तिला रिक्षात घालून. तू फाटकावर ये. झाडाखाली बसून पाज. कोन बगतंय?” बघणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की बघणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं.

मला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंचं गाव उलव्याच्या बाजूला. आता तिथे इमारतींमधून गाव शोधावं लागतं, पण त्यांच्या तरुणपणी मिठागरं होती आणि सासूबाई तिथे कामाला जात. पाच मुलं त्यांनी बांधावर बसून पाजली. पाचवा माझा नवरा. मिठाच्या हाताने पाजायचं नाही म्हणून आधी गोड्या पाण्याने हात धुवायचे, एवढा एकच नियम त्यांना माहीत होता. माझ्याकडे नियमांची दोन पुस्तकं होती आणि फोनमध्ये आणखी काही.

नवरा न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर नोकरीला आहे. तेव्हाही होता. भरलेला ट्रक काट्यावर येतो, त्याचं वजन घेतात. माल उतरवून तोच ट्रक परत येतो, त्याचं रिकामं वजन घेतात. दुसरं पहिल्यातून वजा केलं की मालाचं वजन निघतं. काट्यावर या तिन्हींना ग्रॉस, टेअर आणि नेट म्हणतात. दिवसभर तो हेच करतो, आणि त्याचं असं शांत मत आहे की जगातली बरीचशी भांडणं माणसांनी आधी वजन केलं नाही म्हणून होतात. तो गरीब स्वभावाचा माणूस आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधणाऱ्याची निराशा होईल.

पहिला महिना बरा गेला. पाचव्या आठवड्यात मुलगी संध्याकाळी रडायला लागली. चारला सुरू करायची, सातपर्यंत. अंगावर घेतली की प्यायची, सोडली की रडायची, परत घेतली की परत प्यायची. पुस्तकांत लिहिलं होतं की या वयात बाळं संध्याकाळी असं करतात. पण पुस्तकं रडत नव्हती.

आणि माणसं यायला लागली. बाळ बघायला येणारे आधी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवत, मग चहा घेत, मग मला विचारत, “पुरतं का गं?” सगळे हेच विचारत. नात्यातल्या बायकांनी विचारलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, तेही त्यांचा मजला यायच्या आत उत्तर हवं अशा घाईने. एक लांबचे मामा आले होते, त्यांना थेट विचारायला संकोच वाटला म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “हिचं भागतंय ना?” पाण्याच्या टँकरबद्दल बोलावं तसं. पंधरा दिवसांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की तो मलाही पडला.

सासूबाईंना तो पडला नव्हता. त्यांचं मोजमाप बाल्कनीतल्या दोरीवर असायचं. सकाळी लंगोट वाळत घालताना त्या मोठ्याने मोजत. “आट. नऊ. आनि ह्यो एक पिवला.” मग आत येऊन सांगत, “मुततंय पोर. पोट भरल्याबिगर मुतंल का? दूध हाय तुला. पाजत ऱ्हा.”

“मग रडते का?”

“तोंड हाय तिला, म्हनून रडते.”

मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. मी पुस्तकं वाचलेली बाई. लंगोट मोजण्यात मला शास्त्र दिसेना. नंतर एका पुस्तकात नेमकं तेच सापडलं, तक्त्यासकट, पण त्या दिवशी मी ते पान उलटलं नव्हतं.

एके दिवशी नवरा कामावरून परतला तो टेम्पोतून. बरोबर एक चौकोनी पत्र्याचा काटा होता. मागे दांडा आणि दांड्यावर लाल आकड्यांची छोटी पेटी. त्यांच्याकडच्या गोदामात गाठोडी आणि पोती तोलायचा जुना काटा मोडीत काढायचा होता, तो त्याने साहेबांना विचारून घरी आणला होता.

“हे काय?” मी विचारलं.

“सगळे विचारतात ना, पुरतं का? आता सांगता येईल. पाजायच्या आधी हिचं वजन घ्यायचं, पाजलं की परत घ्यायचं. मधला फरक म्हणजे दूध. नेट वजन.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काट्याकडे बघून म्हणाल्या, “पोरीला आता ट्रकात घालनार काय रं?”

“आई, तू गप. हे बरोबर काम आहे.”

बरोबर काम आहे असं मलाही वाटलं. खरं तर मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस सगळे विचारत होते. उत्तर घेऊन आलेला तो पहिलाच माणूस.

काटा त्याने हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या खाली मांडला. खाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून पातळी नीट केली. वीस किलोचं प्रमाणित वजन तो कामावरून एका दिवसापुरतं घेऊन आला होता, ते ठेवून बघितलं. पेटीवर २०.०० असा आकडा आला. त्याच्या चेहऱ्यावर, मुलीला दिलेलं घर चांगलं निघालं की येतो तसा आनंद होता.

“बघ. दशांशापुढे दोन आकडे.”

मग काट्यावर बाळाच्या अंघोळीचा टब ठेवला, टबात दुपटं, आणि बटण दाबून शून्य केलं. मुलीला त्यात ठेवलं. ४.२०. मी तिला घेऊन पंचवीस मिनिटं पाजलं. ती प्यायली. गिळल्याचा आवाज येत होता, हनुवटी हलत होती, शेवटी मूठ सुटली आणि तोंडाच्या कडेने थोडं दूध ओघळलं. तिला परत टबात ठेवलं.

४.२०.

नवऱ्याने काटा हलवून बघितला, दुपटं नीट केलं, परत शून्य केलं. ४.२०. तो काही बोलला नाही. काट्यावर ट्रकवाले हुज्जत घालतात तेव्हाही तो बोलत नाही, आकडा बोलतो. मी पदर सावरत तिथेच बसले होते, आणि मला वाटलं की मी पंचवीस मिनिटं नुसतं नाटक केलं.

वजन लिहायला त्याने कामावरच्या छापील पावत्यांचं जुनं पुस्तक आणलं होतं. त्यावर आधीच रकाने होते : गाडी क्रमांक, मालाचा प्रकार, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, चालकाची सही. पहिल्या दिवशी मला हसवायला म्हणून त्याने मालाच्या प्रकारात ‘दूध’ लिहिलं आणि चालकाच्या सहीच्या जागी मुलीच्या अंगठ्याला काजळ लावून ठसा घेतला. आम्ही दोघं हसलो. ती पावती अजून आहे. निव्वळ वजनाच्या रकान्यात शून्य आहे आणि शेजारी तो अंगठा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

त्यानंतर आम्ही रोज पाच-सहा वेळा वजन घ्यायला लागलो. बहुतेक वेळा शून्य यायचं. कधी एकदम शंभर ग्रॅम. शंभर आलं की घरात सण. मी त्या दिवशी काय खाल्लं होतं, कोणत्या कुशीवर झोपले होते, आधी डावीकडे पाजलं की उजवीकडे, याची चौकशी व्हायची. एकदा सासूबाईंनी मोऱ्याहून येणाऱ्या कोळणीकडून मुशी घेतली. मुशीच्या कालवणाने बाळंतिणीला दूध येतं असं त्यांच्याकडे मानतात. त्या दुपारी नेमकं शंभर आलं. पुढचे चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ मुशी खाल्ली. चारही दिवस शून्य. नवऱ्याने कोळणीवर संशय घेतला.

“मासा ताजा नसेल.”

“मासा ताजा व्हता,” सासूबाई म्हणाल्या. “तुजा काटा शिळा हाय.”

मी अंधश्रद्धेवर हसणारी बाई. त्या दहा दिवसांत मी उजव्या बाजूने सुरुवात करणं शुभ मानायला लागले होते, कारण तसं केल्यावर दोनदा शंभर आलं होतं. फरक इतकाच की माझ्या श्रद्धेला लाल आकडे होते.

एकदा पाजून झाल्यावर ४.२० चे ४.१० झाले. मधे तिने दुपटं ओलं केलं होतं, ते मी बदललं होतं आणि हिशेबात धरलं नव्हतं. पण त्या क्षणी ते सुचलं नाही. मला एवढंच दिसलं, की माझं पिऊन माझी मुलगी शंभर ग्रॅमने कमी झाली. मी रडायला लागले. मुलगी रडत होतीच. सासूबाई आल्या, मुलीला उचललं, तिचं पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, “टम्म हाय गं पोट. बग हात लावून.”

मी हात लावला नाही. मी म्हटलं, “आई, तुमच्या वेळी काटे नव्हते.”

त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं.

“व्हते की,” त्या म्हणाल्या. “आमी मीठ जोखायचो. वलं किती नि सुकं किती ते आदी बगायचो, मग जोखायचो.”

आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवून त्या भाजी निवडायला गेल्या. त्यानंतर त्या दुधाबद्दल बोलल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. घरात एक शांतता आली, आणि मी तिचा अर्थ असा लावला की त्यांना पटलं.

आम्ही पावत्यांचं पुस्तक घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस होता आणि बाहेर वीस जण बसले होते. त्यांनी आपल्या काट्यावर मुलीचं वजन केलं आणि कार्डावरच्या रेषेवर टिंब काढलं. टिंब रेषेवरच होतं. पण मग नवऱ्याने पावत्या पुढे केल्या. डॉक्टरांनी त्या चाळल्या. अंगठा बघून हसले.

“इतकं व्यवस्थित ठेवणारे पालक मी पाहिले नाहीत,” ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याची पाठ ताठ झाली. कुणी त्याच्या कामाची अशी तारीफ क्वचितच करतं.

“तशी काळजी नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण तुम्हाला समाधान हवं असेल तर एक-दोन वेळा वरचं दूध द्या. मॅडमनाही आराम मिळेल.” आणि कागदावर डब्याचं नाव लिहिलं. त्यांचं पूर्ण वाक्य मी आज आठवते तेव्हा त्यातलं ‘काळजी नाही’ ऐकू येतं. त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं.

डब्याचं दूध मोजून करायचं असतं. एवढ्या पाण्याला एवढे चमचे, आणि बाटलीवर रेषा. संध्याकाळी चारला मुलगी रडायला लागली तेव्हा तिला बाटली दिली. शंभराच्या रेषेपर्यंत भरलेली ती बाटली तिने संपवली आणि सात वाजेपर्यंत झोपली. काट्यावर शंभर ग्रॅम आलं, न चुकता. नवरा हळूच म्हणाला, “बघ.” त्याच्या आवाजात विजय नव्हता, सुटका होती. त्या तीन तासांत मी केस धुतले. आरशात एक बरी दिसणारी बाई होती. प्रसूतिगृहातल्या फोटोतल्यासारखी.

एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. बाटलीतून आयतं येतं, अंगावर ओढावं लागतं. मुलीने दहा-बारा दिवसांत निवड केली. आणि बाळ ओढत नसलं की अंगही बनवायचं थांबवतं, हे मी नंतर वाचलं. वाचायला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता.

दूध जातं ते एखाद्या दिवशी जात नाही. त्याची काही खूण नसते. सुरुवातीला मुलगी रडली की माझा झंपर ओला व्हायचा. एकदा तर लिफ्टमध्ये दुसऱ्याच कुणाचं मूल रडलं तेव्हाही झाला होता, आणि मी ओशाळले होते. मग एका दुपारी ती रडत होती, मी बाटली उकळत होते, आणि माझ्या लक्षात आलं की झंपर कोरडा आहे. कालही कोरडाच होता. मी गॅस बंद करून तिला अंगावर घेतलं. तिने दोनदा ओढलं, तोंड बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. दुकान बंद दिसलं की माणूस बघतो तसं. सव्वादोन महिन्यांची होती ती.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं. उठून त्यांनी बाटली गार पाण्यात धरली, मनगटावर एक थेंब टाकून बघितला आणि मला आणून दिली.

दुपारच्या सुट्टीत रिक्षाने यायचा बेत आपोआप रद्द झाला. बाटली कुणीही पाजू शकतं.

मी कामावर रुजू झाले आणि पुढच्याच महिन्यात कॉलेजात स्तनपान सप्ताह आला. आमच्याकडे कोणताही सप्ताह साजरा करतात. सभागृहात गुलाबी फुगे लावले होते. तळमजल्यावरच्या एका खोलीला ‘स्तनपान कक्ष’ अशी पितळी पाटी लावून तिचं उद्घाटन झालं. फीत कापायला एक स्थानिक नेते आले होते. त्यांनी आईच्या दुधावर चाळीस मिनिटं भाषण केलं. आईच्या दुधाने शिवरायांचे मावळे कसे घडले, हल्लीच्या मुली फिगर बिघडते म्हणून कशा पाजत नाहीत, हे सांगितलं. पाजणाऱ्या बायका सभागृहात नव्हत्या. त्या घरी असतात. आम्ही होतो ते प्राध्यापक, शिपाई आणि एनएसएसची मुलं. शेवटी नेत्यांनी आवाज चढवून विरोधकांना आव्हान दिलं की आईचं दूध प्यायला असाल तर समोर या. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, आमच्याकडचा उमेदवार सव्वादोन महिन्यांपुरताच पात्र आहे.

नुकतीच बाळंत झालेली म्हणून आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी नेत्यांचे, प्राचार्यांचे, फुगे फुगवणाऱ्यांचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार मानले. मला शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून वापरात आहे. कक्षात पुढच्या आठवड्यात परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका ठेवल्या, कारण कॉलेजात तेवढी एकच कोरडी खोली होती.

मुलगी छान वाढली. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटेल की काही विपरीत झालं. काहीही झालं नाही. ती धट्टीकट्टी आहे, भांडकुदळ आहे, नाक सासूबाईंचं आहे. डब्याच्या दुधाने लाखो मुलं वाढतात आणि त्यांच्या आयांनी वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. हे मी इतर बायकांना सांगते तेव्हा मला ते पटतं.

मुलगी चार वर्षांची असताना मी एकदा सासूबाईंना विचारलं. त्या आजारी होत्या आणि मी त्यांचे पाय चेपत होते.

“आई, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मग जोर लावून का नाही सांगितलंत?”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या.

“तीनदा सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तीनदा तू काट्याकं बगितलंस. चौथ्यांदा बोलले आस्ते तर म्हनाली आस्तीस, सासू बोलते. शेजारची सून आशीच म्हनायची.” मग थोड्या हसल्या. “मला चांगली सासू व्हायचं व्हतं.”

त्या झाल्या होत्या. मी तसं म्हटलंही. त्यांनी पाय ओढून घेतला आणि म्हणाल्या, “पुरे आता, दुकलं बोट तुजं.” दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

काटा मात्र राहिला. त्यावर रद्दी जोखली जायची, गावाला जाताना बॅगा. गेल्या महिन्यात मुलीला शाळेतून काम दिलं होतं : घरातल्या पाच वस्तूंचं वजन करून वहीत लिहा. रविवार होता. नवरा पेपर वाचत होता, मी चहा गाळत होते. तिने टोपलीतून लिंबं घेतली आणि काट्यापुढे मांडी घातली.

“बाबा, लिंबाला वजन नसतं?”

“असतं की.”

“शून्य आलंय.”

“नीट ठेव मधोमध.”

“नीटच ठेवलंय.” तिने त्याच्या शेजारी दुसरं लिंबू ठेवलं. “आता शंभर आलं. म्हणजे पहिलं लिंबू रिकामं होतं.”

मी चहाची गाळणी हातात तशीच धरून उभी राहिले. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो उठला, काट्याजवळ बसला, एक लिंबू उचललं. शून्य. परत ठेवलं. शंभर. मग त्याने दांड्याच्या मागची धूळ अंगठ्याने पुसली. तिथे एक पत्र्याची चकती होती. त्याने फोनचा दिवा लावला. जास्तीत जास्त पाचशे किलो. कमीत कमी दोन किलो. फरक शंभर ग्रॅम.

म्हणजे तो काटा शंभराच्या पटीतच बोलत होता. मधलं काही त्याला कळत नव्हतं. मुलगी एका वेळी पन्नास-साठ ग्रॅम दूध पीत असणार, त्या वयाची बाळं तेवढंच पितात. ते कधी खालच्या शंभरात बुडत होतं, कधी वरच्या शंभराला पोचत होतं. दशांशापुढे दोन आकडे होते, पण दुसरा कायम शून्य असायचा. आणि ते माझ्या नवऱ्याला कधी खटकलं नाही, कारण त्याच्या ट्रकच्या काट्यावरही शेवटचा आकडा कायम शून्यच असतो. तिथे दहा किलोंच्या आत काही मोजत नाहीत. वीस वर्षं तो रोज शेवटी शून्य बघत आला होता. दुसऱ्या कुणाच्या, वाण्याच्या किंवा सोनाराच्या, ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

त्याने चकती परत एकदा वाचली.

“काट्याचा दोष नाही,” तो म्हणाला. “लिहिलेलं आहे.”

“हो.”

“मी वीस किलो ठेवून बघितलं होतं.”

“माहीत आहे.”

मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “मग काय लिहू?”

नवऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या पावत्या आहेत का अजून?”

मी म्हटलं, “नाहीत. टाकल्या कधीच्या.” त्या लसीच्या कार्डाच्या फाइलमध्ये आहेत, अंगठा वरच्या बाजूला. त्याने मान हलवली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. ती लंगोटाची दोरी अजून तिथेच आहे. आता तिच्यावर शाळेचा गणवेश असतो.

मुलीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग काट्यावर जे दिसलं ते लिहिलं. पहिलं लिंबू : शून्य ग्रॅम. दुसरं लिंबू : शंभर ग्रॅम. बुधवारी वही तपासून आली. बाईंनी दोन्हींपुढे बरोबरची खूण केली होती.